पाचची घंटा सातला न्या : लातूरच्या वसतिगृहचालकांना आणि क्लासचालकांना खुले पत्र

प्रति,
लातूर शहरातील खासगी वसतिगृहांचे चालक व रेक्टर, अभ्यासिकाचालक आणि नीट-जेईई क्लासचे संचालक यांस,

स. न. वि. वि.

रात्री बारापर्यंत सक्तीचा अभ्यास, पहाटे पाचला घंटा, साडेपाचला अभ्यासिकेत हजेरी. ज्यांच्या नोटीस बोर्डावर या धर्तीचे वेळापत्रक लागलेले आहे, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. मुलांचे हाल होतात वगैरे मुद्दा आम्ही आत्ता बाजूला ठेवतो. आमचे म्हणणे निव्वळ हिशोबी आहे. दिवसभर वाचलेले, सोडवलेले डोक्यात पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते, आणि त्यातले ठरावीक काम ठरावीक तासांतच होते. पाचची घंटा नेमके त्यातले शेवटचे तास कापते.

झोप म्हणजे रात्रभर एकाच पातळीवर पडून राहणे नव्हे, हे १९५३ मध्ये शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, म्हणजे रेम झोप, नोंदवली तेव्हापासून स्पष्ट आहे. डोक्याला ईईजीचे, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारे, इलेक्ट्रोड, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर आणखी काही, एवढे लावून रात्रभराची नोंद घेतली की ९० ते ११० मिनिटांची आवर्तने दिसतात. आठ तासांत अशी चार-पाच. प्रत्येक आवर्तनात आधी एन-१ची पुसट झोप, मग एन-२, मग एन-३ची गाढ झोप, पुन्हा थोडे वर येऊन रेम. क्रम साधारण हाच, पण प्रमाण रात्रभर बदलत जाते. गाढ झोप पहिल्या दोन आवर्तनांत उरकते. रेमचा पहिला तुकडा जेमतेम दहा मिनिटांचा असतो, पहाटेचा अर्धा तास किंवा त्याहून मोठा. पहाटेच्या आवर्तनांत गाढ झोप जवळपास नसतेच. एन-२ आणि रेम आलटून पालटून चालतात.

आता तुमचे वेळापत्रक या नकाशावर ठेवून पाहा. बाराला पाठ टेकली, सव्वाबाराला डोळा लागला, पाचला घंटा. हातात पावणेपाच तास, म्हणजे तीन आवर्तने. गाढ झोपेचा बहुतांश वाटा मुलाला मिळाला. रेमचा अर्ध्याहून जास्त वाटा आणि उत्तररात्रीची एन-२ गेली. झोप सरसकट चाळीस टक्के कमी झाली असे हे प्रकरण नाही. एक प्रकार जवळपास पूर्ण मिळाला आणि दुसरा निम्म्याहून जास्त कापला गेला. गाढ झोप मिळाल्यामुळे मुलगा उठतो, चालतो, 'मला पाच तास पुरतात सर' असे प्रामाणिकपणे सांगतोही. त्याच्या सांगण्यावर विसंबू नका. हान्स व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढांना सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिले. लक्ष टिकवण्याच्या चाचण्यांत ते दिवसेंदिवस घसरत गेले आणि एक-दोन रात्री अखंड जागलेल्यांच्या पातळीला पोचले. पण 'किती झोप येतेय' या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे त्या मानाने फारशी बदलली नाहीत. घसरण चालू होती आणि घसरणाऱ्याला तिची पुरती जाणीव नव्हती.

कोणती झोप काय करते, हे थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात.

गाढ झोपेचे काम सर्वांत भक्कम पुराव्यावर उभे आहे. नवी माहिती आधी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाच्या आधाराने टिकते. तिथली जागा तात्पुरती असते. एन-३ मध्ये मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, सेकंदाला साधारण एक या गतीने मोठ्या संथ लहरी उठतात. त्या लहरीच्या चढावर सेकंदाला १२ ते १५ कंपनांचा छोटा झुबका, म्हणजे स्पिंडल, बसतो. स्पिंडलच्या आत हिप्पोकॅम्पसमधली अतिजलद थरथर, रिपल, येऊन बसते. हे तिन्ही वेळेवर जुळले की दिवसा चेतलेले पेशींचे गट त्याच क्रमाने पुन्हा चेततात. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ही उजळणी दाखवली. माणसांवरचा सुबक प्रयोग २००७ चा, ब्यॉर्न राश आणि यान बॉर्न यांच्या गटाचा. पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा पाठ करताना गुलाबाचा वास दिला, आणि त्याच रात्री गाढ झोपेत पुन्हा तोच वास दिला. सकाळी जागा जास्त आठवल्या. रेम झोपेत वास दिला तेव्हा फायदा झाला नाही.

यावरून कुणी रात्रभर कानात लेक्चर लावून झोपण्याची कल्पना काढेल, तर तिथेच थांबवा. वास नवे काही शिकवत नव्हता, जागेपणी शिकलेले चाळवत होता. झोपेत नवी माहिती ऐकवली तर सकाळी ती आठवत नाही, हे चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी १९५६ मध्येच ईईजी लावून तपासले होते. जे थोडेफार आठवले ते ऐकताना मेंदू प्रत्यक्षात जागा होता. कानातल्या लेक्चरने एवढेच होते की झोप तुटते.

एन-२ला 'हलकी झोप' म्हणून हिणवले जाते. रात्रीचा जवळपास निम्मा वेळ तिचाच असतो आणि स्पिंडल तिच्यात मुबलक असतात. बोटांच्या ठरावीक क्रमाचा सराव करून झोपलेल्यांचा वेग सकाळी सुमारे २० टक्क्यांनी वाढला, आणि ही वाढ रात्रीच्या शेवटच्या चतुर्थांशातल्या एन-२शी जुळत होती, असे मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने २००२ मध्ये मांडले. त्या आकड्यावर पुढे बरेच वाद झाले. मोजण्याच्या पद्धतीमुळे तो फुगला, असा आक्षेप आहे आणि तो रास्त वाटतो. तरी 'हातात बसण्याच्या' कौशल्याला उत्तररात्रीची झोप मानवते हा धागा जुना आहे. प्लीहाल आणि बॉर्न यांनी १९९७ मध्ये रात्रीचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध वेगळे करून पाहिले. शब्दांच्या जोड्यांना पूर्वार्धाची झोप लाभली, आरशात पाहून रेघ गिरवण्याच्या कामाला उत्तरार्धाची.

रेमबद्दल आम्ही जपून बोलू. 'रेम म्हणजेच स्मरणाची झोप' हे वाक्य जितके पसरले आहे तितका पुरावा त्यामागे नाही. रेम बरीच दडपणारी नैराश्यावरची औषधे घेणाऱ्या माणसांची स्मरणशक्ती काही ढासळून जात नाही, ही अडचणीची बाब संशोधकांना ठाऊक आहे. भावनेशी जोडलेल्या आठवणी निवळणे आणि दूरदूरच्या गोष्टींचा संबंध लागणे यांत रेमचा हात असावा, इथपर्यंत पुरावा पोचतो. परीक्षेच्या दडपणाखालच्या मुलाला या दोन्हींची गरज आहे, एवढे म्हणून पुढे जाऊ.

'पहाटे केलेला अभ्यास लक्षात राहतो' हे आपल्याकडचे पक्के मत आहे, आणि ते खोटे नव्हते. रात्री साडेआठला जेवून नऊला दिवा मालवणारा मुलगा चारला उठला, तर त्याची सात तास झोप झालेली असे. शांतता असे, कुणी हाक मारत नसे. ती पहाट वेगळी. तुम्ही त्यातली पहाट ठेवली आणि आदल्या रात्रीचे नऊ वाजता निजणे काढून टाकले. शिवाय सोळा ते एकोणीस या वयात शरीराचे घड्याळ पुढे सरकलेले असते. झोप आणणारे मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा वाढायला लागते. दहाला डोळे न मिटणारा मुलगा आळशी किंवा मोबाइलवेडाच असेल असे नाही. म्हणून जुनी रीत जशीच्या तशी परत आणा असेही आम्ही सुचवत नाही. अकराला झोप आणि सातला जाग, हे या वयाला जमण्यासारखे आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ८ ते १० तास झोप लागते, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस आहे. त्यातली किमान मर्यादा आम्ही मागतो आहोत.

हे अगदीच नवे मागणे नाही. झोप पुरत नाही म्हणूनच महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. घड्याळ सर्वांत पुढे सरकलेली अकरावी-बारावीची मुले मात्र त्यात नाहीत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको, फार पहाटे किंवा फार रात्री नको, आणि आठवडी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी नको, असे लिहिलेले आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली, तेव्हा मुलांची झोप सरासरी अर्ध्या तासाने वाढली. वेळ पुढे नेली तर मुले तेवढीच जास्त जागतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही.

तुमची खरी अडचण आम्हाला कळते. पाचाचे आठ तास केले तर तीन तासांचा अभ्यास कुठून भरून काढायचा? आमच्या मते बराचसा भरून काढायची गरजच नाही. रात्री अकरा ते बारा आणि पहाटे साडेपाच ते सात या वेळेत अभ्यासिकेत एक फेरी मारा आणि वह्या पाहा. एकच ओळ दोनदा अधोरेखित केलेली असते, अक्षर तिरके होत रेघ सोडून खाली गेलेले असते, पान उलटलेले नसते. लॉस एंजेलिसमधल्या ५३५ विद्यार्थ्यांच्या दैनंदिन नोंदींवरून २०१३ मध्ये हेच दिसले: ज्या रात्री झोप कापून नेहमीपेक्षा जास्त अभ्यास केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात न समजण्याचे आणि चाचणीत गडबडण्याचे प्रमाण वाढलेले होते. झोप न झालेल्या मेंदूत नवी माहिती घेणेच मंदावते, म्हणजे नुकसान दोन्ही टोकांना. कालचे नीट पक्के झाले नाही आणि आजचे नीट आत गेले नाही.

आता बदल कसा करायचा ते. पहिली बॅच सव्वाआठच्या आधी नको. ही गोष्ट क्लासचालकांनी एकत्र बसूनच ठरवावी लागेल. एकाने सहाची बॅच चालू ठेवली की त्या वसतिगृहातला मुलगा पाचला उठणारच. घंटा सातला, रोज, रविवारीही फार तर आठला. रविवारी अकरापर्यंत झोपणाऱ्याचे घड्याळ सरकते आणि रविवारी रात्री त्याला झोप लागत नाही. मग सोमवार-मंगळवार वाया जातात. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे गच्चीवर किंवा अंगणात उजेडात काढायला लावा. घड्याळ मागे ओढण्याचा त्याहून स्वस्त उपाय नाही.

रात्री दहाला नवीन काही वाचणे बंद. दहा ते साडेदहा पुस्तक मिटून आठवण्याचे काम: दिवसभरात शिकलेल्या दोन-तीन घटकांची कोऱ्या कागदावर उजळणी, मग एनसीईआरटी उघडून सुटलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरणे. प्राण्यांचे वर्गीकरण, असेंद्रिय रसायनातले अपवाद, हार्मोन आणि त्यांच्या ग्रंथी, असला शब्दांच्या जोड्यांचा माल इथे घ्या. लगेच येणारी गाढ झोप अशाच मालावर काम करते. भौतिकशास्त्राचे न सुटणारे गणित या वेळी धरायचे नाही. त्याच्यावर संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटे झटून, कुठे अडले ते एका ओळीत लिहून सोडून द्यायचे आणि सकाळी ताजे पाहायचे. साडेदहा ते पावणेअकरा आवराआवर, मग दिवे बंद. उजळणीनंतर मोबाइल हातात आला तर पाऊण तास सहज जातो, आणि त्या उजळणीवर दुसऱ्याच माहितीचा मारा होतो.

नियम लावूनही हे कुठे फसते, तेही सांगतो. चौघांच्या खोलीत चार गजर असतात. एकाचा साडेचारचा, तो बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा वाजणारा. उठत कुणीच नाही, जागे चौघेही होतात, आणि ते नेमके पहाटेच्या रेममधून. गजर खोलीतून हद्दपार करा, मजल्याला एकच घंटा ठेवा. खोल्या देताना बॅचच्या वेळा जुळवा. सव्वाआठच्या बॅचवाल्याबरोबर रात्री साडेदहाला क्लासवरून येणारा मुलगा ठेवला तर ट्यूबलाइट पुन्हा लागणारच.

मेसमधला रात्री दहाचा चहा बंद करा, म्हणजे मुलांनी नावे ठेवली तरी करा. रक्तातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. ते झोपेची ओढ लावणाऱ्या ॲडेनोसिनची वाट अडवते, त्यामुळे झोप उशिरा लागते आणि गाढ झोप पातळ होते. शेवटचा चहा चार-साडेचारला. त्याऐवजी रात्री दूध द्या, भूक हीही जागे राहण्याचे कारण असते.

मार्चपासून पुढे लातुरात उकाडा हाच झोपेचा मुख्य शत्रू. रेम झोपेत घाम येऊन शरीर थंड होण्याची यंत्रणा मंदावते, त्यामुळे तापलेल्या खोलीत माणूस त्या टप्प्यात टिकत नाही, जागा होतो. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोल्या सर्वांत वाईट. गच्चीला पांढरा चुना, संध्याकाळी गच्चीवर पाणी, खिडकीला जाळी म्हणजे डास न येता रात्री उघडी ठेवता येईल, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरचे कनेक्शन ट्यूबलाइटआधी पंख्यांना. अभ्यासिकेच्या एसीवर जितका खर्च होतो त्यातला थोडा इकडे वळवलात तरी फरक पडेल.

दुपारची झोप जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटे, तीनच्या आत. तासभर झोपलेला मुलगा बहुधा गाढ झोपेतून उठवला जातो आणि पुढचा अर्धा तास बधिर बसतो. मग सगळे म्हणतात, दुपारी झोपू नये. दोष झोपेचा नाही, तोडण्याच्या जागेचा आहे. आणि हो, रात्री अकराला पालकांच्या ग्रुपवर चाचणीच्या गुणांची यादी टाकू नका. घरून फोन येतो, मुलगा दोनपर्यंत कूस बदलत राहतो. ती यादी सकाळी नऊला टाकली तर कुणाचेही काही बिघडत नाही.

झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलामसारख्या गोळ्या कुणी मिळवत असेल तर त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवा. परस्पर एकदम बंदही करायला लावू नका. या गोळ्यांनी माणूस पडून राहतो, पण गाढ झोपेच्या लहरी कमी होतात आणि नव्या आठवणी बनण्याला अडथळा येतो. आठ तास मिळूनही वर्गात झोपणारा, मोठ्याने घोरत मध्येच श्वास अडकणारा, किंवा पाय सतत झटकणारा मुलगा शिक्षेचा विषय नाही, तपासणीचा आहे.

परीक्षेच्या तोंडावर सगळेच उलटे केले जाते, म्हणून त्याबद्दल वेगळे. एमआयटीत रसायनशास्त्राच्या एका वर्गातल्या ८८ विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारी यंत्रे बांधली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चाचणीच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा दिसला. झोपेचे तास, तिचा दर्जा आणि नियमितपणा यांच्याशी गुणांतल्या तफावतीचा जवळपास चौथा हिस्सा जोडलेला होता. हा सहसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध होत नाही. पण 'वर्षभर जागा, परीक्षेच्या आदल्या रात्री लवकर झोपा' या सल्ल्याला त्यातून काही आधार मिळत नाही. नीटचा पेपर दुपारी दोन ते पाच असतो, म्हणजे नेमक्या दुपारच्या सुस्तीच्या वेळेत. शेवटचे तीन आठवडे सराव चाचण्या दोन ते पाचलाच घ्या आणि त्या काळात दुपारची झोप बंद ठेवा. जेवण साडेअकरापर्यंत, हलके. जेईई मेनची पाळी सकाळी नऊची मिळालेल्यांची घंटा मात्र रोज पंधरा मिनिटांनी मागे आणत आठवडाभरात सहावर न्या, आणि दिवे बंद करण्याची वेळही तेवढीच मागे.

आमच्यावर विश्वास ठेवून सगळे वसतिगृह एकदम बदला असे आम्ही म्हणत नाही. जूनच्या बॅचला एका मजल्यावर सहा आठवडे सातची घंटा लावा, दुसऱ्या मजल्यावर जुनी राहू द्या. मजले चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर हुशार मुले एका बाजूला जातील. चाचणी शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊ नका, सात दिवसांनी आगाऊ न सांगता घ्या. घोकलेले एक दिवस टिकतेच, फरक आठवड्याने दिसतो. पहिले आठ-दहा दिवस मोजणीत धरू नका, कारण साचलेली झोप भरून निघताना मुले जास्तच सुस्त दिसतात आणि नेमके तेव्हाच प्रयोग गुंडाळला जातो. त्याबरोबर सकाळच्या पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांची संख्या शिक्षकांनी रोज लिहावी. चाचणीचे पेपर कसे काढायचे आणि आकडे कसे लावायचे, यासाठी आम्ही विनामूल्य येऊ.

आपले,
निद्राविकारांवर उपचार करणारे डॉक्टर आणि शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक

ता. क. : मनगटी घड्याळातले 'डीप स्लीप' आणि 'रेम'चे आकडे मुलांना किंवा पालकांना दाखवून कुणाला ओरडू नका. ते घड्याळ हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधते, मेंदूच्या लहरी मोजत नाही. कधी झोपला आणि कधी उठला, एवढेच त्यातून घ्या. तेवढे पुरते.